ओल्या हॅटला डोकं हवं

हे कुणाला सांगायचं नाही, असं ताईनं मला बजावलं होतं आणि मीही गळ्याशपथ म्हणाले होते. पण मी सांगत नाहीये, लिहितेय. जे तोंडानं बोलायला मला जमत नाही ते मी लिहिते, हे ताईला ठाऊक आहे. कुणीतरी हे नीट, क्रमानं लिहून ठेवावं असं तिलाही आतून वाटत असेल. गोष्ट तिची आहे, म्हणून मी मधे मधे येणार नाही. तिनं सांगितलं तसं, तिच्याच बाजूनं.

१

मागच्या खोलीत शिरलं की आधी वास यायचा. ओल्या लोकरीचा, लाखेचा आणि स्पिरिटचा. भिंतीला लागून लांब टेबल, टेबलावर लांब चोचीची किटली, खिडकीशी मामाची आरामखुर्ची. आणि खोलीच्या मधोमध, लोखंडी दांड्यावर बसवलेला टकल्या.

टकल्या म्हणजे लाकडी ठोकळा. माणसाच्या डोक्याएवढा, गुळगुळीत, ना नाक ना डोळे. त्याच्यावर हॅटला आकार द्यायचा. मामा येता-जाता त्याला टपली मारायचा. "या घरात एवढा एकच शहाणा. सगळ्यांचं ऐकून घेतो आणि उलट बोलत नाही."

काम तसं सरळ होतं. फेल्टची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, घंटेसारखी ढगळ टोपी यायची. किटलीच्या वाफेवर ती कानाच्या पाळीइतकी मऊ करायची, दोन्ही हातांनी टकल्यावर ओढायची, आणि खालच्या बाजूनं दोरीचे तीन वेढे देऊन गाठ मारायची. मग काठावर ओलं फडकं ठेवून इस्त्री. मग दोन दिवस हात लावायचा नाही. पूर्ण वाळली की आतून लाखेचा हात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख ब्रशनं लावली की हॅट कडक होते, आणि मग तो आकार जन्माचा.

गेल्या वर्षीच्या आजारानंतर मामाचे हात थरथरायला लागले होते. तेव्हापासून हात ताईचे आणि जीभ मामाची.

"ओढ, कारभारीणबाई, ओढ! गोंजारतेस काय? ती काय मांजर आहे?"

"फाटली तर?"

"फाटली तर टकल्याला सांगू. तो काही कुणाला बोलायचा नाही."

त्याचा नियम एकच होता. दिवसातून दोनदा तरी तो म्हणायचा, "ओल्या हॅटला डोकं हवं. रिकामी ठेवायची नाही." का, असं ताईनं एकदा विचारलं होतं. "आक्रसते," मामा म्हणाला. "आणि मग चारचौघांत आपल्याला मान खाली घालावी लागते." एवढंच. त्यात गूढ असं काही नव्हतं.

काळजी होती ती वेगळीच. महिन्यापूर्वी मामानं आपणहून किटली उचलली आणि पायावर उकळतं पाणी सांडलं. आई दिवसभर ऑफिसात, ताई कॉलेजात, मी शाळेत. आईनं ठरवलं, की दादाला (आई मामाला दादा म्हणते) अक्काकडे, म्हणजे आमच्या मोठ्या मावशीकडे, पाठवायचं. तिच्या घरी दिवसभर कुणी ना कुणी असतं. वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे ना टेबल, ना किटली, ना टकल्या. मामा त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि तेच ताईला सहन झालं नाही. ती आईशी भांडली. शेवटी आई म्हणाली, "बँडमास्तरांच्या दोन हॅट्स शनिवारपर्यंत नीट होऊ देत. दादाला किटलीला हात लावावा लागला नाही, तर बघू. नाही तर मावशीला पत्र लिहून ठेवलंय, ते मी टाकणार."

२

हॅट्स दोन आणि टकल्या एक. दोन्हींचं माप एकच, सत्तावन्न सेंटीमीटर. एक बँडमास्तरांची, एक त्यांच्या सनईवाल्याची. पहिली सोमवारी ठोकळ्यावर चढली. बुधवारी वाळायला हवी होती, पण हवा दमट होती. बुधवारी दुपारी ताईनं बोट लावून पाहिलं, तर वरून कोरडी होती, खाली दोरीपाशी मात्र गार. अजून एक दिवस थांबलं असतं, तर दुसरी शनिवारपर्यंत झाली नसती.

मामा खुर्चीत डुलकी घेत होता. ताईनं दोरी सोडली, हॅट काढली आणि खिडकीशेजारच्या फळीवर उताणी ठेवली. रिकामी. आत वर्तमानपत्राचे बोळे तरी कोंबायचे, हेही तिला घाईत सुचलं नाही. दुसरी हॅट वाफवून टकल्यावर ओढेपर्यंत मामा जागा झाला होता.

"पहिली वाळली?"

"हो, कधीच."

ताई सहसा खोटं बोलत नाही. पण बोलली की तिचे कान लाल होतात. मामाचं तिकडे लक्ष नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती धास्तावलेल्या मनानं फळीपाशी गेली. हॅट आक्रसून वाटीएवढी झाली असणार, अशी तिची खात्री होती. पण हॅट छान भरदार होती. देवच पावला म्हणायचा! तिनं ती उजेडात धरली, आणि मग जरा थांबली.

टकल्या अंड्यासारखा गोल आहे. ही हॅट मागे लांबट झाली होती. डाव्या कपाळाशी आत दबली होती, अंगठा बसेल एवढी. उजव्या बाजूला, कानाच्या वर, एक फुगवटा. आपण आंबा हातात घेऊन म्हणतो ना, हा इथं लागलाय, तसं त्या हॅटकडे बघून कुणाचं तरी डोकं डोळ्यांपुढे येत होतं.

तिनं टेप लावली. एकोणसाठ.

टेप जुनी, ताणली असेल. तिनं टकल्यावरची हॅट मोजली. सत्तावन्न. पुन्हा ही मोजली. एकोणसाठ. लोकर वाळताना आक्रसते, वाढत नाही. हे तिला माहीत होतं. वाऱ्यानं? वारा मापं बदलत नाही. मांजर येऊन बसलं असेल, असंही तिनं मनात म्हणून पाहिलं. आमच्याकडे मांजर नाही.

३

बरोबर गोष्ट कोणती, हे तिला कळत होतं. हॅट पुन्हा वाफवायची आणि टकल्यावर चढवायची. पण टकल्या अडकला होता. आणि पुन्हा वाफवायची म्हणजे मामाला सगळं सांगायचं. तिनं विचार केला, की दोन सेंटीमीटर काय, आत जाड पट्टी शिवली की बसेल. तिनं लाखेची बरणी उघडली.

हॅट मांडीवर उलटी धरून ती आतून ब्रश फिरवू लागली. फेल्ट ऊबदार लागत होतं. खिडकीत होती, उन्हानं तापली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या खिडकीत दुपारनंतर ऊन येतं, आणि वाजले होते सकाळचे नऊ.

मग तिला ती रेघ दिसली. आतल्या बाजूला, कपाळ टेकतं तिथं, बोटभर रुंद, ओलसर, जरा काळपट. वर्षभर वापरलेल्या हॅटला असते तशी घामाची रेघ. ही हॅट अजून कुणी घातलेलीच नव्हती.

तिनं त्या रेघेवरूनच लाख फिरवली. भराभर, दोनदा. तेव्हा तिला फक्त एवढंच हवं होतं, की ते दिसू नये.

"लाखेचा वास येतोय," खुर्चीतून मामा म्हणाला. "कारभारीणबाई, आतून नीट वाळली होती ना?"

"हो म्हटलं ना, मामा."

"मग ठीक. एकदा लाख बसली, की ती आपलं ऐकत नाही. आपणच तिचं ऐकायचं."

४

शनिवारी सकाळी बँडमास्तर आले. ते दारातूनच बोलत येतात.

"काय मामा! तुमची भाची आता तुमच्यावर कुरघोडी करणार म्हणतात!"

"करू दे की. म्हातारपणी कुणीतरी कुरघोडी करायला लागतंच," मामा म्हणाला.

आई त्या दिवशी घरी होती. दाराला टेकून ती सगळं बघत होती. ताईनं आधी दुसरी हॅट दिली. मास्तरांनी ती घालून आरशात मिशा पाहिल्या, मान डोलावली. "वा! ही सनईवाल्याला कशाला, हीच मला राहू दे. आता ती आणा."

पहिली हॅट त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. आईला हसू फुटलं. मास्तरही हसायला गेले, आणि मधेच थांबले. त्यांनी हॅट काढली ती सावकाश, भरलेलं भांडं उतरवावं तशी. आत पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून आपलं कपाळ पुसलं.

"ही कुणाची तरी घातलेली आहे."

"नाही हो, नवीन आहे," ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, आणि या वेळी ती खरं बोलत होती.

"असेल बुवा. पण ही ज्याची आहे त्याला द्या. माझ्या सनईवाल्याला पुढच्या आठवड्यात दुसरी चालेल." ते एरवी चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. त्या दिवशी ते उभ्याउभ्याच गेले.

आईनं ताईकडे पाहिलं. त्या पाहण्यात पत्र होतं. टपालात टाकायचं राहिलेलं.

"बघू इकडे," मामा म्हणाला. "झालंय काय एवढं?"

त्यानं हात पुढे केले, नेहमीसारखे थरथरणारे. ताईनं हॅट त्याच्या हातांत दिली, आणि हात थांबले. वाजत्या ताटावर कुणी तळवा ठेवावा, तसे. मामानं आपल्या हातांकडे पाहिलं. आईनं पाहिलं. मग मामानं हॅट डोक्यावर ठेवली.

ती नीट बसली. अगदी मापाची.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ती हात बघत होती. ताई हॅट बघत होती. खुंटीवर मामाची स्वतःची जुनी हॅट टांगलेली होती. तिचं माप ताईला तोंडपाठ होतं. पंचावन्न.

५

पुढचा आठवडा घरात सण असावा तसा गेला, निदान आईसाठी तरी. मामा उठून काम करू लागला. किटली एका हातानं उचलायचा, थेंब सांडायचा नाही. सनईवाल्याची हॅट त्यानं एकट्यानं केली. आईनं जुनं पत्र फाडून टाकलं आणि मावशीला नवीन लिहिलं, की दादा बरा आहे, तो इथेच राहील.

ताईला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आणि तिला जेवण जात नव्हतं.

मामा बोलत नव्हता. म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायचा, पण मोजून, दुकानात गिऱ्हाइकाला द्यावं तसं. तिला कारभारीणबाई म्हणेना. काहीच म्हणेना, काम असलं की नुसता तिच्या दिशेनं हात पुढे करायचा. कात्री डाव्या हातात धरायचा. ज्या खणात वीस वर्षं दोरी असते, तो सोडून बाकीचे तीन खण त्यानं उघडून पाहिले. टकल्याजवळून जाताना त्याला टपली मारायचा नाही. बाजूला होऊन जायचा, जिवंत माणसाला वाट द्यावी तसा.

हॅट तो काढत नव्हता. जेवतानाही नाही.

"राहू दे गं," आई म्हणायची. "त्याच्या हातांना गुण आलाय. त्याच्या मनाला वाटत असेल, की तिच्यामुळेच आलाय. आपलं काय जातंय?"

आजारातून उठलेली माणसं बदलतात, हे ताईनंही ऐकलं होतं. तिनं तसं मानूनही पाहिलं. एका संध्याकाळी तिनं खुंटीवरची जुनी हॅट त्याच्यापुढे धरली. "मामा, ही घाल ना. ही तुझी आवडती."

त्यानं ती हातात घेतली, आत बघितलं, आणि परत दिली. "छोटं डोकं होतं त्याचं," तो म्हणाला.

६

फेल्टचं एक बरं असतं. चुकलं तर वाफ द्यायची. वाफेनं लाखसुद्धा मऊ पडते, आणि हॅट पुन्हा घंटेसारखी ढगळ होते. ताईला हे मामानंच शिकवलं होतं. पण तिनं तसं केलं, तर हात पुन्हा थरथरणार, आणि मावशीला पुन्हा पत्र जाणार, हेही तिला दिसत होतं. तीन दिवस ती दोन्हीकडून विचार करत राहिली. परवा दुपारी तिचं ठरलं.

मामा खुर्चीत झोपला होता. ताईनं किटली लावली. चोचीतून वाफ येईपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग मागून जाऊन तिनं दोन्ही हातांनी हॅट धरली आणि वर ओढली. सहज निघाली नाही. ठोकळ्यावरून निघताना होतो तसा बारीक आवाज झाला आणि निघाली.

कानांच्या वर, कपाळावरून मागे, सगळीकडून एक वण होता. बारीक आणि खोल. दोरीचे तीन वेढे दिल्यावर फेल्टवर उमटतो तसा. उजव्या कानामागे गाठीची खूण होती. ताई गाठ तिथेच मारते.

त्या वणाच्या वर काय होतं, ते तिनं मला सांगितलं नाही. "केस होते ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "पुढचं ऐक."

ती वळली आणि हॅट वाफेत धरली. दबलेली डावी बाजू आधी वाफेत आणली. फेल्ट हळूहळू सैल पडू लागलं, फुगवटा खाली बसू लागला. तेवढ्यात मागे खुर्चीच्या हातावर टकटक वाजायला लागलं. मामाची बोटं. थरथरत होती.

"कारभारीणबाई," मामा म्हणाला. त्याचाच आवाज, घोगरा, झोपेतला. "डोक्याला गार लागतंय गं."

"थांब हं मामा, झालंच."

"मला अक्काकडे नका ना पाठवू."

हे तो कधीच बोलला नव्हता. पत्राच्या दिवसांत एकदाही नाही. ताईचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. आई लवकर आली होती. आता ती आत येणार, किटली बघणार, हात बघणार.

ताईच्या हातात हॅट होती, मऊ, गरम, गळणारी. टकल्या रिकामा उभा होता, चार पावलांवर. तिथेच चढवायला हवी होती. दोरी बांधायची आणि आईला काय वाटेल ते वाटू द्यायचं. पण चार पावलं लांब होती, आणि मामा हाताशी होता, उघड्या डोक्यानं, गार लागतंय म्हणत. ओल्या हॅटला डोकं हवं. तिनं ती मामाच्या डोक्यावर ठेवली आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी खाली ओढली.

बोटं थांबली.

"झोपलाय वाटतं दादा," दारातून आई म्हणाली.

७

ही परवाची गोष्ट. वाळायला दोन दिवस लागतात.

तेव्हापासून मामा खुर्चीत बसून आहे. डोळे मिटलेले. दिलं ते खातो, पितो, हूं म्हणतो. आईला वाटतंय सर्दी झालीय. हात मांडीवर असतात, एकात एक अडकवलेले, त्यामुळे काही कळत नाही. ताई दर तासाला जाऊन हॅटच्या काठाला बोट लावून येते. काल ओली होती. आज सकाळी फक्त उजव्या कानामागे गार होती.

ताईचं म्हणणं असं, की ओली हॅट ज्याच्या डोक्यावर वाळते त्याचा आकार घेते. मग या वेळी ती मामाचा घेईल. मी विचारलं, आणि तसं झालं नाही तर? म्हणजे लाख अजून पूर्ण सुटलीच नसेल तर? ती म्हणाली, की हॅट काढल्यावर हात थरथरले, तर ती आईला सगळं कबूल करणार आहे, आणि स्वतः मामाबरोबर मावशीकडे जाणार आहे, त्याला पोचवायला. तो इथून गेला तरी चालेल. पण जाईल तो मामाच असायला हवा.

आई ऑफिसातून यायला अजून दोन तास आहेत. मागच्या खोलीत किटलीचा आवाज नाही, कसलाच नाही. ताई पुन्हा बोट लावून बघायला गेली आहे. तिला मी सांगून ठेवलंय, की वाळली असली तरी मी आल्याशिवाय काढू नकोस. मला भीती वाटते, पण तिनं एकदा एकटीनं पाहिलंय तेवढं पुरे. दोघींनी बघितलं तर निदान

ताई हाक मारतेय. आले गं, आले, मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस